विमानात रात्रीचे कपडे: कुठे बदलावेत, कधी आणि कोणते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एका कारखानदार वाचकांचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो आहोत.

‘माझं वय ६१, आमच्या हिचं ५६. टेरी टॉवेलचा कारखाना आहे. लेक-जावई न्यू जर्सीला असतात. त्यांनी आम्हा दोघांना बिझनेस क्लासची तिकिटं काढून दिलीत. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघायचं, थेट न्यूयॉर्क, सोळा तास. आजवर आमचा रात्रीचा प्रवास म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस. लुंगी लावली, चादर ओढली, डोळे उघडले की दादर. या विमानात म्हणे खुर्चीचाच पलंग होतो. मग कपडे बदलायचे की नाही? लेक म्हणते खुशाल बदला. जावई म्हणतात, बदला, पण लुंगी आणू नका. ही सहावारी नेसते आणि रात्री गाऊन घालते. बदलायचं कुठे, या विचारानं तिला आतापासून घोर लागलाय. आमच्याकडे बाथरोब बनतात, त्यातलाच एक अंगावर चढवला तर चालेल का? आणि आपली सोलापुरी चादर सोबत घेऊ का?’

नमस्कार. आधी वहिनींचा घोर घालवू. सोळा तासांच्या विमानात कपडे बदलणं अजिबात वावगं नाही. उलट बिझनेस क्लासमध्ये ती रोजची रीत आहे. काही कंपन्या तर प्रवाशांना स्वतःहून रात्रीचे कपडे देतात. क्वांटास आणि कतार एअरवेज लांबच्या प्रवासात पायजमा-सदरा देतात, युनायटेड बारा तासांहून लांबच्या विमानात मागितल्यावर देते. सिंगापूर एअरलाइन्सच्या बिझनेसमध्ये मात्र सपाता, मोजे आणि डोळ्यांवरची पट्टी मिळते, कपडे मिळत नाहीत. तेव्हा मिळतील या भरवशावर राहू नका, आपला जोड आपल्या पिशवीत असू द्या. मिळाले तर बसल्याबसल्याच माप सांगून मागून घ्या. बहुधा दोन-तीनच मापं असतात आणि मोठं माप आधी संपतं.

आता जावयांचं म्हणणं. लुंगीला त्यांनी नाही म्हटलं ते आम्हाला पटतं, पण ‘लोक काय म्हणतील’ या कारणासाठी नव्हे. रात्रीच्या कपड्याची कसोटी एकच ठेवा: झोपेतून दचकून उठलात, दिवे लागलेले आहेत, क्रू सगळ्यांना उभं राहा म्हणतोय, तर आहे त्याच कपड्यात, काहीही न सावरता, चारचौघांत उभं राहून चालता आलं पाहिजे. लुंगी इथे नापास होते. ती गाठीवर असते आणि झोपेत सैल पडते. पलंग पुन्हा खुर्ची होताना तिचा काठ सांध्यात अडकतो. अंधारात अरुंद वाटेनं चालताना पायात येते ती वेगळीच. रेल्वेच्या बर्थला सरकणारे सांधे नसतात, म्हणून तिथे लुंगी चालून जाते. नुसतं बनियन आणि हाफ चड्डीही नको. टॉयलेटला जाता-येता आठ-दहा अनोळखी माणसांच्या अगदी तोंडासमोरून जावं लागतं.

तुमच्यासाठी पायजमा उत्तम. कमरेला इलॅस्टिक आणि आतून नाडी, दोन्ही असलेला घ्या. नुसत्या नाडीचा असेल तर नाडीची टोकं आत खोचा. वर पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याच्या वरच संपणारा सुती सदरा किंवा टी-शर्ट. विमानात साधारण २२ ते २४ अंश असतं. मे महिन्यात ४२ अंशांत वावरणाऱ्या सोलापूरकराला हे थंड वाटतं, आणि मग माणूस स्वेटर घालून दुलईत शिरतो. तासाभरात घामाघूम होऊन उठतो, कारण बिझनेसची दुलई चांगली जाड असते. म्हणून अंगावर एकच पातळ थर आणि हाताशी एक शाल. रंग गडद घ्या, चहाचा डाग दिसत नाही आणि मंद उजेडात कपडा पारदर्शक वाटत नाही.

कापड सुतीच. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. सुताची भेसळ ओळखायला धागा काडीवर जाळून बघतात, तेव्हा पॉलिस्टरचा वितळून काळा कडक मणी होतो आणि कापसाची भुरभुरीत राख पडते. विमानात आग लागण्याचा प्रसंग दुर्मीळ, पण तो आला तर तो वितळलेला मणी कातडीला चिकटतो. म्हणून चकचकीत सॅटिनचे नाइट सूट, नायलॉनचे ट्रॅक पँट हे विमानासाठी वाईट. शिवाय विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळ २० टक्क्यांच्या खालीच. त्या हवेत सिंथेटिक कपड्याला स्थिर वीज धरते आणि तो अंगाला चिकटत राहतो.

बाथरोबबद्दल तुमचं मन मोडावं लागतंय. कापड कितीही उत्तम असलं तरी विमानाच्या पलंगाशी टेरीचं जमत नाही. टेरीचे लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फासे, उघडे असतात आणि सीटवर वेल्क्रो, पट्ट्याचं बक्कल, हेडफोनची वायर अशा लूप ओढणाऱ्या गोष्टी भरपूर असतात. एक लूप अडकला की ओढत जातो, पुढचं तुम्ही जाणताच. दुसरं, रोबला बटणं नसतात. कमरेचा पट्टा झोपेत सुटतो आणि तो समोरून उघडतो, म्हणजे पुन्हा लुंगीचीच गत. तिसरं म्हणजे वजन. चांगल्या जीएसएमचा (दर चौरस मीटरला कापडाचं वजन जास्त असलेला), मोठ्या मापाचा रोब एक-सव्वा किलोचा भरतो आणि हातातल्या बॅगेची निम्मी जागा खातो. लेकीला भेट म्हणून मोठ्या बॅगेत जरूर न्या. केबिनमध्ये आपल्याच कारखान्यातला हात पुसायचा एक लहान नॅपकिन ठेवा, तो किती उपयोगी पडतो ते पुढे येईलच.

आता कुठे बदलायचं. टॉयलेटमध्येच. काही नव्या विमानांत बिझनेसच्या सीटला सरकतं दार असतं आणि ते लावलं की खोलीसारखं वाटतं. पण त्या भिंती छतापर्यंत जात नाहीत, उभ्या माणसाच्या छातीइतक्या असतात. येणाजाणाऱ्याला आणि क्रूला वरून सगळं दिसतं. बसल्या जागी कोट, स्वेटर, मोजे काढावेत, टी-शर्टवर सदरा चढवावा, इतपत ठीक. पँट, परकर, ब्लाऊज यांतलं काहीही सीटवर बदलू नये, दुलईखाली तर नाहीच. दुलईखालची धडपड बाहेरून अधिकच दिसते.

वेळ महत्त्वाची, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. विमान सुटायच्या आधी बदलू नका. उड्डाणाची पहिली तीन मिनिटं आणि उतरतानाची शेवटची आठ मिनिटं ही विमानप्रवासातली सगळ्यात जोखमीची समजतात. त्या वेळात पायांत बंद बूट आणि अंगावर धडके कपडे हवेत. सीटचा पट्टा बांधायला सांगणारा दिवा विझला की पहिल्या पाच मिनिटांत उठा. क्रू जेवणाच्या तयारीत असतो आणि वाटेत गाडी आलेली नसते. ही संधी हुकली तर थेट जेवण आटोपेपर्यंत थांबा. मधल्या वेळात वाट गाड्यांनी अडते आणि जेवण उरकताच सगळेच ब्रश घेऊन रांगेत उभे राहतात. रात्री दोनच्या जेवणाची तुम्हाला गरजही नसेल. क्रूला ‘जेवणासाठी उठवू नका’ म्हणून सांगता येतं. मग निघाल्यावर कपडे बदलून लगेच झोप.

टॉयलेट केवढं? आपल्या घरातल्या देवघराच्या कोनाड्याहून थोडंसं मोठं समजा, दोन्ही कोपरं पसरली तर भिंतींना लागतात. जमीन बऱ्याचदा ओली असते, आणि ते पाणीच असेल असं धरून चालू नका. म्हणून मिळालेल्या कापडी सपाता घालून टॉयलेटमध्ये जायचं नाही. त्या ओल शोषतात आणि तीच ओल घेऊन तुम्ही पांघरुणात शिरता. जाताना बूट किंवा रबरी तळाच्या चपला. अनवाणी तर कधीच नाही.

कपडे एका रंगीत कापडी पिशवीत न्या. पांढरा अभ्रा वापरलात तर तो विमानाच्या उशांत मिसळून जाईल. जे आधी घालायचं ते सगळ्यात वर. आत गेल्यावर कडी नीट सरकवा, कडी लागली की उजेड वाढतो, त्यावरूनच कळतं. पिशवी दाराच्या आतल्या खुंटीला. आधी टॉयलेटचा वापर करून घ्या, मग झाकण बंद करा. नॅपकिन झाकणावर पसरा, हेच तुमचं टेबल आणि हीच खुर्ची. वरचा कपडा आधी बदला. मग पँटचे दोन्ही पाय खालून गुडघ्यापर्यंत दुमडून घ्या, म्हणजे उतरवताना टोकं जमिनीला टेकत नाहीत. झाकणावर बसा, एका पायातला बूट काढून त्याच बुटावर पाय ठेवा, पँटचा तो पाय काढा, पायजम्याचा घाला, बूट चढवा. मग दुसरा पाय. एका पायावर उभं राहून बदलायचा प्रयत्न करू नका. विमान एकदा हबकलं की डोकं आरशावर आपटतं. मध्येच ‘जागेवर परता’चा दिवा लागला तर उरलेलं राहू द्या, अंग झाकलं जाईल एवढं घाला आणि निघा.

सरावानं हे पाच मिनिटांत होतं. बिझनेसमध्ये साधारण दहा-बारा माणसांमागे एक टॉयलेट असतं, त्यामुळे पाचाची पंधरा मिनिटं झाली की बाहेर रांग लागते. घरी एकदा सराव करून बघा. न्हाणीघराच्या कोपऱ्यात स्टूल ठेवून, भिंतीला हात न लावता. आत दाढी, डोक्याला तेल, साग्रसंगीत आवरणं नको. निघताना बेसिनभोवतीचं पाणी त्याच नॅपकिननं किंवा कागदानं पुसून या. पुढच्या माणसाचे कपडेही तिथेच टेकणार आहेत.

वहिनींसाठी वेगळं सांगायला हवं. त्या खोक्यात सहावारी बदलायची नाही. साडेपाच मीटर कापड फेडताना पदर किंवा निऱ्या ओल्या जमिनीला लागणारच, आणि सकाळी तिथे पुन्हा नेसणं तर केवळ अशक्य: पाय फाकवायला जागा नाही, निऱ्यांना खाली ओढून सारखं करायला वाकता येत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: साडी मुंबईपर्यंत. वंदे भारतनं सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून निघालात तर दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोचता. विमान मध्यरात्रीनंतरचं, म्हणजे मध्ये अख्खा दिवस. एखादी खोली घ्या, किंवा बिझनेसच्या तिकिटावर विमानतळावरच्या ज्या लाउंजमध्ये जाता येतं तिथे न्हाणीघर आहे का ते विचारून ठेवा. तिथे साडी फेडून, घडी घालून बॅगेत. अंघोळ, आणि सैल सलवार-कुर्ता किंवा लेगिंगवर लांब कुर्ता. सोलापूरहून निघाल्याचा दिवसभराचा घामही तिथेच उतरतो.

मग विमानात बदलायचं उरतं ते फक्त वरचं. कुर्ता काढून मऊ सुती सैल टॉप, खाली सलवार तीच. दोन मिनिटांचं काम. आणि गाऊनच हवा असेल, कारण वर्षानुवर्षांची सवय आहे आणि त्याशिवाय झोप लागत नाही, तर तोही चालेल, पण तीन अटींवर. लांबी घोट्याच्या चार बोटं वर, नाहीतर अंधारात पायरीसारख्या उंचवट्यावर पायात येतो. आत लेगिंग किंवा सलवार असलीच पाहिजे, कारण सीटचा पट्टा मांड्यांवरून जातो आणि गाऊन वर सरकतो. आणि पुढून बटणांचा असेल तर मधल्या दोन बटणांना टाका घालून घ्या. बदलताना सलवारीवरच गाऊन घालायचा आणि मग आतून कुर्ता काढायचा, म्हणजे अंग उघडं पडतच नाही. खांद्यावर ओढणी घ्यावीशी वाटली तर जरूर घ्यावी, झोपताना मात्र ती घडी करून उशाशी ठेवायची, गळ्याभोवती नाही.

मंगळसूत्र, बांगड्या काढू नका. काढायच्याच असतील तर घरी. बेसिनच्या कडेवर ठेवलेली अंगठी टॉयलेटमध्ये पडली तर गेलीच, कारण तिथला फ्लश हवेच्या ओढीनं चालतो. घट्ट अंगठी मात्र निघण्यापूर्वीच काढून ठेवा, लांब प्रवासात बोटं आणि पावलं सुजतात.

बदललेले कपडे सीटवर लोंबते ठेवू नका. कोट, ब्लेझर क्रूकडे दिला तर ते कपाटात टांगून ठेवतात. देण्याआधी सगळे खिसे रिकामे करा. पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात राहणं ही नेहमीची चूक आहे, आणि उतरताना धांदल उडते. पासपोर्ट, चष्मा, रात्रीच्या गोळ्या एका गळ्यातल्या पाउचमध्ये ठेवा आणि झोपताना तो सीटच्या झाकणवाल्या कप्प्यात. कवळी असेल तर डबीत. कागदी रुमालात गुंडाळलेली कवळी कचरा म्हणून उचलली जाते.

फोनचं विशेष. पायजम्याच्या उथळ खिशातून तो घसरतो आणि सीटच्या फटीत जातो. तसं झालं तर सीटचं कुठलंही बटण दाबू नका, पुढे-मागे करू नका. क्रूला बोलवा. सीटच्या यंत्रात फोन चिरडला की बॅटरी पेट घेऊ शकते. ही कानावर आलेली भीती नव्हे, विमान कंपन्या ही सूचना मुद्दाम देतात.

कपडे बदलायला निघतानाच क्रूला ‘बेड करून द्याल का’ म्हणून विचारा. बऱ्याच कंपन्यांत ते गादी अंथरून देतात, परत येईपर्यंत तयार असतं. त्यासाठी बक्षिसी द्यायची नसते. तुमच्या जागा अजून ठरल्या नसतील तर मधल्या ओळीतल्या शेजारशेजारच्या दोन घ्या. एक-दोन-एक (दोन्ही खिडक्यांकडे एकेक आणि मध्ये दोन जागा) अशी रचना असेल तर मधल्या दोघांना उठताना कुणाला ओलांडावं लागत नाही. खिडकीकडेही दोन-दोन जागा असलेल्या जुन्या रचनेत खिडकीकडच्याला झोपलेल्या शेजाऱ्याच्या पायांवरून जावं लागतं. तेव्हा तोंड त्याच्याकडे नाही, पायांकडे करून, सीटच्या पाठीला न ओढता ओलांडा. झोपलात की पट्टा दुलईच्या वरून लावा आणि बक्कल दिसू द्या. हबके बसू लागले की क्रू प्रत्येकाचा पट्टा तपासतो. तो दुलईखाली असेल तर तुम्हाला उठवण्यावाचून त्यांना इलाज नसतो.

वास हाही शिष्टाचाराचाच भाग आहे. झोपण्यापूर्वी बाम, कापूर, तेल यांची सवय असेल तर बाम कपाळाला टिकलीएवढाच. बंद केबिनमध्ये तो चार ओळी जातो. मोजे दिवसभराचे काढून स्वच्छ घाला, काढलेले पिशवीत गाठ मारून. पायांसाठी गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितले असतील तर ते पायजम्याखाली तसेच राहू द्या, झोपेतही. मधुमेह किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घालू नका.

सकाळचं वेळापत्रक असं. उतरण्याच्या साधारण दोन-अडीच तास आधी दिवे उजळतात आणि नाश्ता येतो. दिवे लागण्याच्या थोडं आधी, म्हणजे पोचायला तीन तास असताना उठून कपडे बदलून घ्या. शेवटच्या तासात रांग लागते आणि पट्ट्याचा दिवा लागला की टॉयलेट बंद. बूट नाश्त्याआधीच चढवा. रात्रभरात पावलं फुगलेली असतात, लेस सैल केल्याशिवाय पाय जात नाही आणि घाईत तर मुळीच जात नाही. न्यूयॉर्कला सकाळी उतराल, इमिग्रेशनच्या रांगेत तासभरही जाऊ शकतो, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. तिथे कसले कपडे हवेत असा नियम नाही, पण वहिनींना लेकीसमोर साडीतच जायचं असेल तर सामान घेतल्यावर बाहेरच्या मोठ्या टॉयलेटमध्ये, अपंगांसाठीचं रिकामं असेल आणि कुणी थांबलेलं नसेल तर तिथे, किंवा सरळ घरी पोचून.

राहिली चादर. सोलापुरी चादर आपल्या गावाचं नाव जगात नेते, पण या प्रवासात ती मोठ्या बॅगेत असू द्या. दोन पांघरुणं त्या पलंगावर मावत नाहीत, जड चादर घसरून सीटच्या खाली जाते आणि सकाळी तिची घडी घालायला जागा नसते. सोबत पातळ शाल पुरे. आणि आवरताना लक्षात ठेवा: कंपनीनं दिलेला पायजमा-सदरा, सपाता, मोजे आणि लहान पाउच तुमचेच, खुशाल घरी न्या. दुलई, उशी, गादीचं आवरण आणि हेडफोन विमानाचे. दुलईचं विणकाम बघण्याचा मोह तुम्हाला होणारच, तर काठ उलटून सीटवरच बघून घ्या.